केंब्रिजमधल्या ताईंना, आंजर्ल्याहून

ताई, स. न. वि. वि.

पत्र लिहायची सवय मोडून बरीच वर्षं झाली. एसटीत कंडक्टर होतो तेव्हा रजेचे अर्ज लिहायचो, आणि एकदा मेमोला उत्तर लिहिलं होतं. त्यामुळे अक्षर आणि मजकूर दोन्ही सांभाळून घ्या.

मुलीने आधीच बजावलंय की मावशींचं नाव लिहायचं नाही, कॉलेजचंही नाही, त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे. ती तुम्हाला मावशी म्हणते, म्हणजे हिशेबाने तुम्ही माझ्या मेव्हणी लागता. पण तेवढी थट्टा करण्याइतकी आपली ओळख नाही, म्हणून आपलं ताईच बरं.

मुलगी गणिताच्या एका वर्षाच्या मास्टर्ससाठी केंब्रिजला गेली, हे आता गावात सगळ्यांना ठाऊक आहे. जायच्या आधी काय काय झालं ते फार थोड्यांना ठाऊक आहे. शहरातल्या एका एजन्सीने आधी फी घेतली आणि मग सांगितलं, "काका, तुमचं बॅकग्राउंड बघता एखादं सोपं विद्यापीठ बघू या." मी म्हटलं, आमच्या शेजारच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे 1896 साली बोटीने केंब्रिजला गेले, तेव्हा तुमची एजन्सी कुठे होती? रँग्लर, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणारा, हा शब्द समोरच्या पोराने पहिल्यांदाच ऐकला असावा, जीन्सच्या पॅंटकडे बघायला लागला. मग तिच्या कॉलेजातले एक सर. शिफारसपत्रासाठी तिला चार खेपा घालायला लावल्या, चौथ्या खेपेला म्हणाले, मे महिन्यानंतर बघू. व्हिसा, कर्ज, स्कॉलरशिप यांची रामकथा लावत नाही. ते सगळं झालं एकदाचं.

लागलं ते वेगळंच. आमचे एक नातेवाईक लंडनला असतात. गणपतीला आले की माझ्या पडवीत पाट मांडून जेवतात, उकडीचे मोदक मोजून नाही, टोपलीने खातात. पोरीला विमानतळावर घ्यायला येतो म्हणाले होते. ती उतरली तेव्हा फोन बंद. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, ऑफिसच्या गडबडीत राहून गेलं. पोरीने दोन बॅगा ओढत बस शोधली आणि रात्री कॉलेजच्या दारात पोचली. कंडक्टरची पोरगी, बस तर शोधणारच, असं मी तिच्या आईला सांगितलं आणि मागच्या दारी जाऊन उभा राहिलो.

आता तुमच्याकडे येतो.

ऑक्टोबरच्या शेवटाची गोष्ट. इथे भातझोडणी चालू होती, मी खळ्यात घामाने निथळत होतो. दुपारी दोनच्या सुमाराला तिचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाली, "बाबा, इथे हीटरचं बिल येत नाही."

मला काही कळेना. मग हळूहळू बाहेर आलं. तिच्या खोलीत भिंतीला पांढरा रेडिएटर. त्याच्या कडेला एक चकती, तिच्यावर 1 ते 5 आकडे आणि आकड्यांच्या आधी एक बारीकशी चांदणी. पोरीने ती चकती तिथे पोचल्या दिवसापासून चांदणीवर ठेवलेली. चांदणीवर म्हणजे जवळजवळ बंदच, फक्त पाइपात पाणी गोठू नये इतपत. आणि ही बया अंगावर दोन कुडते, त्यावर माझा एसटीचा खाकी स्वेटर, डोक्याला आईची शाल अशी झोपायची. रात्री बोटं आखडतात म्हणून वहीत लिहिणं बंद, सगळं डोक्यातल्या डोक्यात सोडवायची.

हा दोष माझा आहे, ताई. आमच्या घरात रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की मी ओरडतो, बिल काय तुझा आजा भरणार? वीस-बावीस वर्षं हे ऐकत वाढलेली पोरगी. तिला वाटलं, चकती फिरवली की तिथेही मीटर पळायला लागेल आणि ते बाबांच्या कर्जात जाऊन बसेल. कुणाला विचारायची लाज. शेजारच्या खोल्यांतली मुलं कुठल्या कुठल्या देशांतली, सगळी बिनधास्त. त्यांना काय विचारणार, हीटर लावू का म्हणून?

त्या दिवशी तुम्ही कचऱ्याची पिशवी बदलायला आलात. तिथे खोल्या साफ करणाऱ्या बायकांना बेडर म्हणतात, हे मला तिनेच सांगितलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते भेदरलेली अशातलं काहीतरी वाटलं होतं. तुम्ही पिशवी उचलली, जाता जाता सहज रेडिएटरला हात लावलात आणि थांबलात. मग तिच्याकडे बघितलंत, त्या स्वेटरकडे बघितलंत. तोवर ती तुमच्याशी इंग्रजीतच बोलायची, तुम्ही वेंगुर्ल्याकडच्या, लग्न होऊन गोव्यात गेलेल्या, आणि नवऱ्याच्या पोर्तुगीज पासपोर्टमुळे तिकडे पोचलेल्या, हे तिला ठाऊक नव्हतं. तुम्ही एकदम म्हणालात,

"अगो, ह्या भाड्यातच धरलेला आसा. येगळा बिल येणा नाय."

महिनाभर जिला कुणी मराठीत हाक मारली नव्हती, तिला मालवणी ऐकू आली. ती म्हणते, पहिली दोन मिनिटं मी फक्त रडले, चकती कुठे फिरवायची ते बघितलंच नाही. तुम्ही चकती तीनवर नेलीत, तिचा हात धरून रेडिएटरवर ठेवलात आणि तशाच खाली बसलात. तुमच्या पुढच्या खोल्या बाकी होत्या, घड्याळ लावून काम असतं तुमचं. तरी पाइपात पाणी कुटकुट वाजेपर्यंत आणि पत्रा गरम होईपर्यंत तुम्ही उठला नाहीत. दहा मिनिटं झाली असतील. "लागता मा गरम?" एवढं विचारलंत, पिशवी घेतलीत आणि गेलात.

बास, एवढंच. पुढे वर्षभर तुम्ही तिला काय काय दिलंत, नाताळाच्या सुट्टीत सगळी मुलं घरी गेल्यावर कुळथाची पिठी आणि भात खायला घरी नेलंत, परीक्षेच्या दिवशी दारावर दोनदा टकटक करून उठवलंत, ते सगळं माझ्या मनात आहेच. पण मला झोप लागत नाही तेव्हा आठवते ती ही दहा मिनिटं.

त्या विद्यापीठाची एक गोष्ट मुलीने नंतर सांगितली. 1914 साली रामानुजन तिथे ट्रिनिटी कॉलेजात आले. थंडीने हैराण. प्रशांतचंद्र महालनोबिस तेव्हा तिथेच किंग्ज कॉलेजात शिकत होते, ज्यांनी पुढे कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढली तेच. ते एकदा खोलीवर गेले तर कळलं, रामानुजन ओव्हरकोट घालून, शाल गुंडाळून पलंगावर झोपतात. पलंगावर ब्लॅंकेटं होती, पण ती चहूबाजूंनी गादीखाली नीट खोचलेली. आत शिरायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. महालनोबिसांनी ब्लॅंकेट सोडवून दाखवलं, असं आत जायचं. रामानुजनना फार भरून आलं म्हणे.

जगातला एवढा मोठा गणिती, त्याची प्रमेयं वाचायला तिथले गणिती हार्डी बसलेले, आणि पांघरूण कसं घ्यायचं हे सांगायला कुणी नाही! मी मुलीला म्हटलं, तुझ्या विद्यापीठाला आठशेच्या वर वर्षं झाली, 1209 पासून चालू आहे म्हणतात, एवढ्यात एक पाटी लावायला काय झालं होतं? ती हसली. म्हणाली, बाबा, इथे पाट्या आहेत, पण त्या हिरवळीवर चालू नका अशा आहेत. कॉलेजच्या चौकातल्या गवतावर फक्त तिथल्या फेलो मंडळींनी, म्हणजे कॉलेजच्या वरिष्ठ शिक्षकांनी, पाय ठेवायचा, बाकीच्यांनी कडेने वळसा घालायचा. आणि गणित विभागाच्या मधल्या इमारतीच्या छपरावरही गवत लावलंय. आमच्या लहानपणी आंजर्ल्यात गरिबाच्या घरावर गवत असायचं, पैसे आले की कौलं चढायची. तिकडे उलटं दिसतंय.

ती कॉलेज आणि विद्यापीठ वेगळं कसं ते समजवायला बघायची, माझ्या डोक्यात शिरेना. शेवटी मीच म्हटलं, म्हणजे गाव एक आणि वाड्या एकतीस. जेवणखाण, राहणं, देऊळ ज्याच्या त्याच्या वाडीत. शाळा, परीक्षा आणि ग्रामपंचायत सगळ्यांची मिळून. म्हणाली, अगदी बरोबर. तिथली टर्म आठ आठवड्यांची, आणि मे वीक नावाचा मौजमजेचा आठवडा येतो जूनमध्ये. हे ऐकून माझी खात्री पटली, वेळापत्रक आणि गाडी यांचा संबंध नसणं ही काही फक्त आपलीच खासियत नाही.

पदवीदानाचं तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही तिथे होतात. पण गावाला कळावं म्हणून लिहितो. आम्हाला दोघांना जाणं परवडणारं नव्हतं. पाहुण्यांच्या जागा मोजक्या. तिने एक तुम्हाला दिली. तुम्ही आधी नको म्हणालात. ज्या कॉलेजच्या बाथरुमा मी घासते तिथल्या साहेबांसमोर पाहुणी म्हणून कशी बसू, असं काहीतरी म्हणालात म्हणे. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकलीत आणि कपाटातली मोरपंखी साडी काढलीत.

पदवीदान झालं त्या सिनेट हाउसात आमच्या मुर्डीच्या रँग्लरांचं नाव 1899 साली वाचलं गेलं होतं. गणिताच्या परीक्षेत पहिला येणारा तो सीनियर रँग्लर, आणि तो मान मिळवणारे परांजपे पहिले भारतीय. दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर बरोबरीने पहिले आले होते. आमच्याकडे त्यांच्या नावाने दरवर्षी भाषणं होतात, आणि त्याच भाषणं करणाऱ्यांपैकी एकाने माझ्या पोरीला विचारलं होतं, केंब्रिज कशाला, दापोलीत डी.एड. कर की. असो. मुलीने मला आणखी एक सांगितलं, जे भाषणात कधी ऐकलं नव्हतं. परांजपे तिथे शिकत होते तेव्हाच, 1897 साली, बायकांना पदव्या द्याव्यात का यावर मतदान झालं. सिनेट हाउससमोर पोरांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा टांगला, आणि पदव्या नाकारल्या गेल्या. पुढे परांजप्यांच्याच लेकीने, शकुंतलाबाईंनी, न्यूनॅम कॉलेजात राहून तीच गणिताची परीक्षा दिली, तेव्हाही बाईला पुरुषाच्या बरोबरीची पदवी नव्हती. ती मिळायला 1948 उजाडलं.

माझी पोरगी रँग्लर वगैरे काही नाही. मेरिट मिळालं तिला, आम्हाला तेच डोक्यावरून पाणी. चौघं चौघं जण कॉलेजच्या अधिकाऱ्याचं एकेक बोट धरून पुढे गेले. लहान पोरांना जत्रेत नेतात तसं दिसत होतं. मग तिने गुडघे टेकले, समोरच्या साहेबांनी तिचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले, लॅटिनमध्ये काहीतरी म्हटलं. इथे आम्ही मोबाइल भिंतीला टेकवून सगळी वाडी बसलो होतो. तिची आई म्हणाली, लग्न लागतंय का पदवी मिळतेय? नंतर बाहेर आल्यावर तिने व्हिडिओ कॉल केला. त्यात तुम्ही दिसलात, हनुवटीपासून वरच, कारण फोन धरायची तिला घाई. तुमच्या कपाळाला कुंकू होतं. तुम्ही नमस्कार केलात आणि मला एक शब्द बोलता आला नाही. म्हणून हे पत्र.

मी वस्तीच्या गाडीवर असताना एक मुलगी शेवटच्या फाट्यावर चढायची, क्लास सुटायला उशीर व्हायचा. ड्रायव्हर माझा भला माणूस. फाट्यावर ती दिसली नाही तर हॉर्न वाजवायचा आणि मी डबल बेल द्यायला मुद्दाम हात लांब करायचो, पण द्यायचो नाही. दोन मिनिटं, तीन मिनिटं. गाडीतले लोक कुरकुर करायचे. त्या मुलीच्या बापाने मला कधी काही म्हटलं नाही, त्याला ठाऊकही नसेल. तेव्हा मला त्याचं काही वाटायचं नाही. आता वाटतं, त्याला कळलं असतं तर तो काय करत असता? बहुतेक माझ्यासारखाच खळ्यात उभा राहिला असता.

ओळखीचे एक जण येत्या महिन्यात तिकडे यायचेत. त्यांच्याजवळ आमसुलं, कुळथाचं पीठ आणि घरच्या सुपाऱ्या देतोय. फणसाचे पापड द्यायचे होते, पण ते वाटेत चुरा होतात. मे महिन्यात तुम्ही वेंगुर्ल्याला येणार असं कळलं. सावंतवाडीला रेल्वेत बसलात की खेडला उतरायचं, तिथून दापोलीला भरपूर गाड्या आहेत. दापोलीत मी घ्यायला येईन. माझा फोन चालू असतो.

आणि एक राहिलं. पोरगी म्हणते, निघताना बॅगेचं वजन जास्त झालं म्हणून तो खाकी स्वेटर तुमच्याकडेच राहिला, आणि पहाटे कामाला जाताना तुम्ही तो घालता. राहू द्या. डाव्या कोपराला विरलाय, तेवढं रफू करून घ्या.

आपला,
मुलीचा बाप
आंजर्ले, तालुका दापोली