पाय कुठला होता?

वाळपई, गोवा
26 एप्रिल

प्रिय वस्ताद,
राम राम.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. परवा भाटात (बागेत) काजूचे बोंडू गोळा करताना पाचोळ्यावरून घसरलो आणि डावा पाय मुरगळला. सुनेनं क्रेप बँडेज बांधलंय. ऐन हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, हंगामात मी खाटेवर! बसल्या बसल्या श्रीलंकेतलं वन्नीचं रान डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला घेतलं.

आपण शांतिसेनेतून तिकडे एलटीटीईशी लढत होतो, तेव्हा 1987च्या ऑक्टोबरात जाफन्यात निदान घरं होती, गल्ल्या होत्या. 1988च्या ऑगस्टात मुल्लैतिवूच्या जंगलात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. पायवाटेनं जायचं नाही, कारण लाकडी डबीतले सुरुंग डिटेक्टरलाही धड सापडत नसत. मग कोयत्यानं काटेरी झुडपं तोडत चालायचं. आपली ती लांबडी एसएलआर रायफल वेलीत अडकायची आणि एलटीटीईवाल्यांकडे आखूड एके-47.

इथं लोक विचारतात, शत्रूची भीती वाटायची का? वाटायची की. पण चौथ्या-पाचव्या दिवशी शत्रूपेक्षा शेजारच्याचाच राग जास्त यायचा, हे त्यांना काय सांगू? कोण खोकला, कुणी पाण्याच्या बाटलीचं बूच वाजवलं, कुणाच्या शक्करपाऱ्याचा कागद चुरचुरला. आवाज काढायला बंदी, त्यामुळे भांडायचं तेही कुजबुजत. आणि कुजबुजत दिलेली शिवी फार खोल लागते रे.

खरी ठिणगी पडली ती पुढं कोण चालणार यावरून. पाळ्या ठरलेल्या होत्या, पण रजा मंजूर झालेल्या त्या पोराला दोनदा वगळलं आणि सेक्शन, आपली छोटी तुकडी, दुभंगलं. "आमची रजा मेल्यावर मंजूर होणार काय?" असं कुणीतरी दातओठ खात म्हणालं. चूक त्या पोराची नव्हती, तरी त्या रात्री त्याच्या शेजारी कुणी अंग टाकलं नाही. मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी नंबर माझा होता. मी म्हटलं, पाय मुरगळलाय. तू काही न बोलता माझ्या हातातला कोयता घेतलास. तुझ्या मानेवर लाल मुंग्या चढल्या होत्या, झटकायलाही हात मोकळा नव्हता. दुपारी तुझ्या बुटापासून वीतभरावर सुरुंगाची तार निघाली. त्यानंतर चार दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस.

वस्ताद, पाय मुरगळला नव्हता.

सकाळी मी उजवा ओढत होतो. तार दिसल्यावर इतका हबकलो की पुढं डावा ओढायला लागलो, आणि तोही टाच टेकून. आता खरंच मुरगळलाय तेव्हा कळतंय, असल्या पायाची टाच टेकवतच नाही. तू तर लंगडा बैल बांधावरून ओळखणारा माणूस. तुझ्या नजरेतून ते सुटलं असेल?

बेळगावला रेजिमेंटल सेंटरवर येशील तेव्हा चोर्ल्याचा घाट उतरून इकडे ये. नाहीतर चार ओळी लिही. शिव्या घातल्यास तरी चालेल, फक्त या खेपेला मोठ्यानं घाल.

तुझा,
सत्तरीकर