प्रॉम्प्टर पाहिजे

गिरगाव, मुंबई

प्रिय उषे,

माझी शुगर ताब्यात आहे, गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. पत्र अरविंदबद्दल आहे, आणि ते तुलाच लिहायला हवं. विंगेत उभं राहून त्याच्या ओठांवर नजर ठेवायचं काम इतकी वर्षं तूच केलंस.

अरविंदने शनिवारचं नाट्यवाचन सोडलं. दोनदा आपली पाळी आल्याचं त्याला कळलंच नाही, पुढच्या वेळी शेजारच्याने कोपराने ढोसलं. घरी येऊन म्हणाला, "नलू, आईचं सुरू झालं होतं, तसंच माझं होतंय." आणि सुडोकू घेऊन गॅलरीत बसला. तेव्हापासून उठता-बसता सुडोकू. डोकं चालतं ठेवतोय म्हणतो.

आईंचं शेवटचं वर्ष तू पाहिलंस. तुला माई समजून हाक मारायच्या आणि तूही ओ द्यायचीस. म्हणून त्याच्या पोटात केवढा गोळा आला असेल ते तुला सांगायला नको. माझ्याही आला.

पण उषे, मी नीट लक्ष ठेवलं. जुनी स्वगतं तो आंघोळ करताना म्हणतो, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. अडतो ते समोरच्याचं वाक्य संपतं तिथे. भाजीवाला साठ म्हणाला तर हा आठ काढून देतो. मी ओट्यापाशी उभी राहून काही सांगितलं की "हो" म्हणतो आणि संध्याकाळी "तू बोललीच नाहीस" म्हणून वाद घालतो. जे कानातून आत गेलंच नाही ते आठवणार कुठून? शेवटी कान तपासून घेतले. दोन्ही कानांना वरच्या पट्टीतलं कमी ऐकू येतं, म्हणजे स, श, थ, फ सगळे पुसट. मशीन सांगितलं, ते आणलं, आणि ते डबीसकट कपाटात आहे. "मला म्हातारा करू नकोस" हे उत्तर. स्मृतीची तपासणीही करून घेणार आहोत, नुसत्या माझ्या अंदाजावर सोडायचं नाही.

मी वाचत सुटले आहे, तुला माझी सवय ठाऊक आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्यासारख्या १४ गोष्टी सांगितल्या. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा वगैरे. त्या सगळ्या आवरता आल्या तर जवळजवळ ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकेल असा त्यांचा हिशेब. त्यात कमी ऐकू येणं आहे, आणि ते मोठ्या कारणांपैकी आहे. मेंदूची ताकद शब्द ओळखण्यातच खर्ची पडते, लक्षात ठेवायला उरत नाही. मग माणूस चारचौघांत जाणंच टाळतो. वाचलं आणि मला आमची गॅलरी दिसली. मशीन म्हणजे रामबाण नव्हे, तेही वाचलं. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर प्रयोग झाला, २०२३ मध्ये निष्कर्ष आले. सरसकट पाहता तीन वर्षांत मशीनमुळे स्मृती-विचारशक्तीच्या घसरणीत फरक दिसला नाही, पण ज्यांना मुळात धोका जास्त होता त्यांची घसरण जवळपास निम्मी झाली. मला तेवढं पुरेसं आहे.

सुडोकूवर माझा राग नाही. पण तिथे कुणी उत्तर देत नाही, कुणी चिडवत नाही. तालमीत ऐकायचं, लक्षात ठेवायचं, वेळेवर बोलायचं, वर भांडायचं. भांडणावरून आठवलं, साहित्य संघातल्या त्या स्पर्धेत तुझं प्रॉम्प्टिंग तिसऱ्या रांगेपर्यंत गेलं म्हणून तो दिवाळीपर्यंत तुझ्याशी बोलला नव्हता. अजूनही म्हणतो, "मी पॉज घेतला होता." कसला पॉज! वाक्य गेलं होतं आणि तू वाचवलंस, हे मी तेव्हाही सांगत होते.

तर माझं मागणं असं. दर रविवारी सकाळी तू त्याला फोन कर आणि नाटक वाच. जुनं नको, ते त्याला पाठ आहे. कधी न केलेलं काढ. मशीन कानात असल्याशिवाय सुरुवात करायची नाही. माझं तो ऐकणार नाही, प्रॉम्प्टरचं ऐकेल. मध्येच त्या 'पॉज'चा विषय काढ, उत्तर द्यायला तरी मशीन घालेल. आणि नोकरीत काळबादेवीच्या शाखेत असताना शिकलेल्या गुजरातीत बोलायला लाव. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या (२०१३). एकच भाषा येणाऱ्यांपेक्षा दोन-तीन भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, निरक्षरांतसुद्धा. ही त्याची कमाई गंजू द्यायची नाही.

तुझ्या मोतीबिंदूचं काय ठरलं? नातीची मुलाखत कशी झाली? नाशिकची थंडी बाधत नाही ना? जावयांना नमस्कार.

तुझी,
नलू

ता. क. व्हिडिओ कॉलच कर, ओठ दिसले की त्याला सोपं जातं. मोठ्याने ओरडू नकोस, सावकाश आणि सुटं बोल. सकाळी दहानंतर लाव, त्याआधी पाणी भरायची घाई असते.