बादलीचा हिशोब आईकडे देणाऱ्या सरांना

सर,

नाव छापायचं नाही ही तुमची अट. पाळते. सांगलीच्या गावभागात ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

काल तुमचा तो फ्रीज-एसीवाला पोरगा भिंतीची ओल मोजायचं मीटर घेऊन आला होता. हॉलच्या भिंतीचा आकडा १५ आला. वरच्या मजल्यावर १४ आहे. म्हणजे तुमच्या भाषेत आमचं पुरात भिजलेलं घर वाळलं. तेव्हाच ठरवलं, आज लिहायचं. आभार मानायला गेलं की तुम्ही हात जोडून उठता, गाडीची किल्ली शोधायला लागता, म्हणून हे असं चारचौघांत.

६ ऑगस्ट २०१९ ला पाणी आमच्या गल्लीत शिरलं. २००५ ला ते घरात गुडघाभर आलं होतं, त्याची खूण बाबांनी जिन्याशेजारी खडूनं केली होती. आम्ही सगळं सामान त्या खुणेच्या दोन हात वर चढवलं आणि शहाणपणा केला असं समजून विश्रामबागेत मावशीकडे गेलो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. या वेळी कृष्णा ५७ च्या वर गेली. परत आलो तेव्हा घरातली रेघ माझ्या खांद्याशी होती. कपाटाची दारं फुगून उघडत नव्हती आणि बाबांच्या आरामखुर्चीत बोटभर गाळ बसला होता, कुणीतरी मापून भरल्यासारखा.

गणपती २ सप्टेंबरला. त्याआधी आम्हाला एक कंत्राटदार भेटले. नाव त्यांचंही लिहीत नाही, कारण वेगळं. "ताई, सात दिवसांत घर नवं करून देतो." दिलंही. पुट्टी, प्रायमर, प्लास्टिक पेंटचे दोन हात, फिकट पिस्ता रंग. गणपती बसले, आरती झाली, पाहुणे म्हणाले वा. नवरात्रात भिंतीला फुगे आले. एका फुग्याला मी नख लावलं तर आतून पाणी निघालं आणि मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पूर ओसरून दीड महिना झाला होता आणि नदी अजून आमच्या भिंतीत होती. खालच्या बाजूला मिठासारखा पांढरा लोणा, आणि वास तर असा की देवाची उदबत्तीही कुजकी वाटायची. फोन केला तर म्हणाले, "जुनं घर आहे, ओल राहणारच." दुसऱ्यांदा केला तेव्हा ते साईटवर होते. ते अजून साईटवरच आहेत.

आणखी एक जाणकार येऊन पाच मिनिटांत "पाडा" म्हणून गेले. चहा मात्र पूर्ण प्यायले.

मग तुम्ही आलात, सात पोरांना घेऊन. दोन एसी दुरुस्तीवाले, एक पेंटर, एक गवंड्याचा मुलगा, आयटीआय झालेली एक मुलगी, आणि दोघं नुसतेच बेकार. बारा वर्षं आखातात हेच काम करून आलात, त्याआधी इंग्लंडात शिकलात, हे सगळं नंतर कळलं. फी विचारली तर म्हणालात, "पोरं तुमच्या घरात शिकणार. कुणी कुणाला द्यायची ते तुम्हीच ठरवा." तिकडं इंग्लंडात म्हणे शिकवण्यासाठी एका घरात मुद्दाम पाणी सोडतात आणि मग विद्यार्थ्यांना ते वाळवायला लावतात. "आपल्याला कृष्णामाईनं वर्ग भरून दिलाय," असं तुम्ही म्हणालात आणि त्या घरात दोन महिन्यांनी पहिल्यांदा कुणीतरी हसलं. आईच हसली.

तुम्ही काय काय केलंत ते सगळं मला नीट सांगता यायचं नाही. पण मी दारात उभी राहून ऐकत होते, आणि बरंच डोक्यात राहिलं. पोरांना तुम्ही आधी वरच्या मजल्यावर नेलंत, जिथं पाणी पोचलंच नव्हतं. तिथल्या भिंतीला मीटर लावून आकडा लिहून घ्यायला लावलात. त्याच विटेचं, त्याच काळातलं बांधकाम, म्हणून तीच आपली मोजपट्टी. खालचं घर त्या आकड्याशी आलं की वाळलं, उगाच पुस्तकातल्या आकड्याशी नाही. खाली ६८ होता. लोणा असला की मीटर फसतं म्हणून आधी तळहात टेकवा, बोटांच्या पेरांनी ठोकून पोकळ आवाज ऐका, मग मीटर, हेही तुम्ही दहा वेळा सांगितलंत. पिस्ता रंग आणि त्याखालचा सिमेंटचा गिलावा खांद्याएवढ्या उंचीपर्यंत उतरवला तेव्हा आतल्या विटा काळ्याशार ओल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत ओला टॉवेल बांधून ठेवावा तसं त्या कंत्राटदारांनी आमचं घर बांधून ठेवलं होतं.

आणि खिडक्या. अख्खी सांगली ओल घालवायला खिडक्या उघड्या टाकून बसली होती. तुम्ही आमच्या बंद केल्यात, दारांना प्लास्टिक लावलंत आणि हवेतली ओल ओढून तिचं पाणी करणारं मशीन आत लावलंत. त्या वर्षी ऑक्टोबरातही पाऊस हटत नव्हता, बाहेरची हवाच ओली. "खिडकी उघडी ठेवून मशीन लावाल तर अख्खं गाव वाळवत बसाल." मशीन काय करतं हे आईनं विचारलं तेव्हा तुम्ही गार पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवलात आणि त्याच्या बाहेरून पाणी सुटेपर्यंत थांबलात. एवढंच.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते.

माझी आई ७६ वर्षांची. पुरानंतर तिला सगळे एकच सांगत होते, तू बस. गाळ आम्ही काढतो, तू बस. मावशीकडे तांदूळ निवडायला घेतला तर हातातलं ताट काढून घेतलं. चाळीस वर्षं त्या घराचा दूध-पेपर-किराण्याचा हिशोब ठेवणारी बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर भिंतीकडे बघत बसायची. आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही, आणि याची मला अजून लाज वाटते.

पहिल्या संध्याकाळी मशीनची नळी कशात सोडायची म्हणून पोरं भांडं शोधत होती. परसात त्या कंत्राटदाराच्या पेंटची वीस लिटरची रिकामी बादली पडली होती. तुम्ही ती धुतलीत, आतून मार्करनं लिटर-लिटरच्या रेघा मारल्यात, आणि मला वाटलं आता त्या मुलीला काम सांगणार. पण तुम्ही खिशातून दोनशे पानी वही काढलीत आणि खुर्चीपाशी उकिडवे बसलात. "काकू, बादलीचा हिशोब तुमच्याकडं. सकाळ-संध्याकाळ रेघ बघायची, लिहायचं, मगच ओतायचं. ही पोरं विसरतील, तुम्ही विसरणार नाही."

आई चष्मा शोधायला उठली. बस्स, एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती मावशीकडून रिक्षा करून घरी हजर. पहिल्या पानावर तिनं वर "श्री" लिहून खाली लिहिलंय: सकाळ, १३ लिटर. मग ११. मग नऊ. पाचव्या दिवशी १४. पोरं खूश झाली, मशीन जोरात चाललंय म्हणून. आई म्हणाली, "कमी व्हायचं ते वाढलं कसं? कुठून तरी आत येतंय." तिनंच घरभर फिरून शोधलं. मोरीच्या वरची झडप कुणीतरी मोबाईलवर बोलताना विडीच्या धुरासाठी उघडली होती आणि तशीच राहिली होती. तुम्ही त्या पोराला ओरडला नाहीत. सगळ्यांना भिंतीपाशी उभं करून वहीचं ते पान वाचून दाखवलंत आणि म्हणालात, मीटर भिंतीचं सांगतं, काकूंची वही घराचं सांगते. त्या दिवसापासून पोरं आल्या आल्या आधी आईला विचारायची, "आज किती?"

पुरात आमच्याकडे भाकरी घेऊन कुठून कुठून माणसं आली. ओळख ना पाळख. त्यांचं ऋण आहेच. पण पाणी ओसरलं की गर्दीही ओसरते, आणि मग दोन महिन्यांनी, फोटो काढण्यासारखं काही उरलेलं नसताना, ओल्या भिंतीला हात लावून बघणारा माणूस निराळाच असतो. तुम्हाला हे पटणार नाही. तुम्ही म्हणाल, काम आहे. त्या कंत्राटदारांचंही तेच काम होतं, सर.

दिवाळीनंतर हवा कोरडी पडली तेव्हा तुम्हीच येऊन खिडक्या उघडायला लावल्यात आणि मशीन उचलून दुसऱ्या गल्लीत नेलंत. पोरं आता जोडीजोडीनं कामं घेतात असं ऐकते. आमच्या विटा अजून उघड्याच आहेत. येणारे-जाणारे विचारतात, रंग कधी? आई सांगते, सर सांगतील तेव्हा.

बादली ती देत नाही. मागितली होती, त्या मुलीनं, दुसऱ्या घरासाठी. आईनं तिला स्टीलची नवी घेऊन दिली, रेघा स्वतः मारून. वही मात्र तुमच्यासाठी ठेवलीय, पोरांना शिकवायला लागेल म्हणून. मशीन गेलं त्या दिवशीची नोंद शेवटची आहे: "सकाळ, पाऊण तांब्या. तुळशीला घालणार होते, सर नको म्हणाले. ओतलं."

तुमची,
काकूंची मुलगी