भट्टीतल्या त्या अर्ध्या शेल्फबद्दल, ताई

ताई,

गाव बदलून आलेल्या प्रत्येक सिरॅमिक कलाकाराला तुम्ही आधी तुमच्या भट्टीतला अर्धा शेल्फ देता आणि लगेच बजावता, "पहिल्या भाजणीत भांडी नाहीत. फक्त चाचणीच्या पट्ट्या." या दोन्हींसाठी आभार मानायला आम्ही सगळ्यांनी मिळून हे पत्र लिहिलंय. उघड लिहिलंय, कारण सामान बांधून निघालेल्या कुणाला यातलं काही उपयोगी पडलं तर ते तुम्हाला जास्त आवडेल.

मातीकाम करणाऱ्याचं बस्तान हललं की एकाच वेळी चार गोष्टी बदलतात: माती, पाणी, वीज आणि हवा. वहीतली ग्लेझची, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराची कृती तीच असते, पण त्यातल्या 'फेल्डस्पार' या खनिजाच्या एकाच नावाखाली एका खाणीचा पोटॅशचा माल येतो, तर दुसरीचा सोड्याचा. मग नेहमीचं ग्लेझ ओघळतं, कपांना तडे जातात, कान निखळतात आणि माणसाला वाटतं, आपला हातच गेला. त्या क्षणी काम सोडणारे पुष्कळ असतात. "हात आहे तिथेच आहे, माती बदललीय. चला, मोजून बघू," असं तुम्ही म्हणता आणि खरंच मोजायला बसवता. हे किती मोठं काम आहे ते तुम्हाला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं.

मोजणी मातीपासून सुरू होते. १३ सेंटिमीटर लांब, ४ रुंद आणि १ जाड अशा पट्ट्या कापायच्या आणि ओल्या असतानाच त्यांवर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढायची. सुकल्यावर, बिस्कनंतर (ग्लेझ लावण्याआधीच्या भाजणीनंतर) आणि शेवटच्या भाजणीनंतर तीच रेघ मोजायची. ती ८८ मिलिमीटर भरली तर माती १२ टक्के आटली. जुनी माती ९ टक्के आटत असेल, तर जुन्या मापाने वळलेला प्रत्येक कप आता लहान निघणार. एक पट्टी दोन ठोकळ्यांवर टेकवून भाजायची. मध्ये वाकली तर ते तापमान त्या मातीला सोसत नाही.

त्यानंतर पाणी किती शोषलं जातं ते. ग्लेझ न लावलेला भाजलेला तुकडा वजन करून पाच तास पाण्यात उकळायचा, त्याच पाण्यात २४ तास ठेवायचा, ओलसर फडक्याने टिपून पुन्हा वजन करायचं. २०० ग्रॅमचा तुकडा २०६ भरला तर शोषण ३ टक्के. स्टोनवेअरच्या (उंच तापमानाला भाजलेल्या घट्ट मातीच्या) जेवणाच्या भांड्यांसाठी तुम्ही २ टक्क्यांच्या आतच समाधानी असता आणि ते योग्यच आहे. वरून ग्लेझ आहे म्हणून भागत नाही. बुडाची कडा उघडी असते, तिथून ओल आत शिरते, माती किंचित फुगते आणि दुकानात देखणा दिसलेला कप काही महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या घरी बारीक तड्यांनी भरतो.

तड्यांबद्दल तुम्ही जितक्या शांतपणे समजावता तितकं क्वचितच कुणी समजावत असेल. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं की ते ताणलं जातं आणि चिरतं. उलट झालं, म्हणजे ग्लेझ फारच कमी आकसलं, तर ते दाबाखाली येतं आणि काठावरून कपच्या उडतात. कपच्या उडणारं ग्लेझ खाण्याच्या भांड्यावर कधीच नाही, यावर तुम्ही एक इंचही मागे हटत नाही, कारण ती काचेची धार अन्नात जाते. तडे मात्र दुरुस्त करता येतात. शंभर-शंभर ग्रॅमच्या बॅचमध्ये सिलिका (गारेची बारीक पूड) २, ४ आणि ६ ग्रॅमने वाढवत न्यायची आणि तीन पट्ट्या शेजारी शेजारी भाजायच्या. सिलिका वाढल्याने ग्लेझ जाड, निस्तेज दिसू लागलं तर तिथे थांबून सोड्या-पोटॅशच्या फेल्डस्पारचा थोडा भाग बोरॉनच्या फ्रिटने (वितळवून दळलेल्या काचेच्या पुडीने) बदलायचा. सोडा आणि पोटॅश आकसणं वाढवतात, बोरॉन ते कमी करतो आणि वितळायलाही मदत करतो.

पट्ट्या आडव्या ठेवून काही कळत नाही, हेही तुमचंच सांगणं. उभी पट्टी, तळाला पाय, वरच्या भागात ओरखडे काढलेले, आणि ग्लेझ एकदा, दोनदा, तीनदा बुडवलेले असे तीन पट्टे. खाली ओघळ पकडायला मातीची छोटी ताटली. भट्टीतून निघाल्यावर पट्टी कानाशी धरून ऐकायची; बारीक 'टिण' असा आवाज येत असेल तर ती अजून चिरतेय. मग तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, असं चार-पाच वेळा. शेवटी वरून शाई चोळून पुसली की डोळ्यांना न दिसणारी जाळीही उमटते. इतकं सगळं करून टिकलेलं ग्लेझच कपावर चढवायचं.

भट्टी हलवणाऱ्यांना तर तुम्ही वाचवलंच आहे. २४० व्होल्टसाठी बनलेली भट्टी २०८ व्होल्टवर लावली की फक्त ७५ टक्के ताकद उरते, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. भट्टी चढते, मग वरच्या टोकाला अडकते आणि माणूस नवे एलिमेंट (भट्टी तापवणाऱ्या तारा) विकत घेत बसतो. म्हणून भट्टीच्या पाटीवरचे आकडे आणि जागेचं व्होल्टेज आधी जुळवायचं. ९ किलोवॉटची भट्टी २३० व्होल्टवर सुमारे ३९ अँपिअर ओढते. तासन् तास चालणारा भार म्हणून सव्वापट धरायचा, म्हणजे ५० अँपिअरची स्वतंत्र लाइन आणि नीट अर्थिंग. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच. भट्टीभोवती भिंतीपासून निदान ४५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी.

वापरलेले एलिमेंट थंड असताना ठिसूळ असतात, त्यामुळे ट्रकच्या धक्क्याने खोबणीबाहेर आलेला एलिमेंट चिमट्याने दाबला की तुटतोच. जोडणीचे नट सैल झाले असतील तर तिथेच तार तापून जळते, म्हणून वीज बंद करून प्रत्येक नट तपासायचा. थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या काडीच्या) तारा उलट जोडल्या तर भट्टी तापताना आकडा खाली जातो. घाबरायचं नाही, बंद करून तारा बदलायच्या. पहिली भाजणी रिकामी आणि सावकाश. त्यानंतर पट्ट्यांची, प्रत्येक शेल्फवर ५, ६ आणि ७ असे तीन साक्षी कोन (ठरावीक उष्णतेला वाकणारे छोटे सुळके) लावून. ५ आडवा, ६ वाकलेला आणि ७ नुकता झुकू लागलेला, हे चित्र वर, मध्ये आणि खाली सारखं दिसलं तर भट्टी नव्या जागेत रुळली. स्क्रीनवरच्या आकड्यावर तुमचा भरवसा नसतो तो याचसाठी. कोन ६ शेवटच्या टप्प्यात तासाला ६० अंशांनी चढलं तर सुमारे १२२२ अंशांना वाकतो, तासाला १५० अंशांनी चढलं तर सुमारे १२४३ अंशांना. माती आणि ग्लेझ दोघांनाही उष्णतेबरोबर वेळही लागतो.

पाणी आणि हवेचं थोडक्यात. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साच्यात ओतायची स्लिप (मातीचं पातळ मिश्रण) घट्ट करतं, मग ती पातळ करायला माणसं सोडियम सिलिकेट घालत सुटतात आणि ती आणखी बिघडते. स्लिपसाठी डिस्टिल्ड पाणी घ्यावं. ग्लेझ रोज अंदाजाने पातळ न करता १०० मिलिलिटर मोजून वजन करायचं, १४० ते १५० ग्रॅम भरलं की बुडवायला साधारण ठीक. कोरड्या हवेत कान आधी सुकतो आणि सांध्याशी तडकतो, म्हणून कानावर प्लास्टिक आणि बाकीचं भांडं उघडं. उंचावरच्या गावी गेलेल्यांना तुम्ही आणखी एक गोष्ट सांगता: समुद्रसपाटीपासून १५०० मीटरवर पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळतं, तेव्हा ओल घालवायला भट्टी ८५ च्या आसपास धरून ठेवा, नाहीतर जाड बुडं फुटतात.

भाड्याच्या घरात काम करणाऱ्यांना तुमचे दोन नियम पाठ आहेत. कोरडा झाडू नाही, ओलं फडकं. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही. आणि मातीचं पाणी सिंकमध्ये नाही, एकामागे एक ठेवलेल्या दोन बादल्यांत निवळू द्यायचं.

पोटापाण्याबद्दल तुम्ही फार कमी बोलता, पण जे सांगता ते नेमकं असतं. सिरॅमिक कलाकार ल्युसी री १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून लंडनला आल्या तेव्हा तिथे त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. त्यांनी कपड्यांची सिरॅमिक बटणं बनवून घर चालवलं आणि पुढे त्याच स्टुडिओतून त्यांची ती पातळ, उंच मानेची भांडी आली. बटणांना तुम्ही कमीपणा मानू देत नाही. लहान वस्तू भट्टीत दाटीने बसते, बिघडली तर थोडीच माती जाते आणि एका भाजणीत ग्लेझच्या पुष्कळ छटा तपासून होतात. म्हणून नव्या गावात सुरुवात एक आकार, एक माती आणि दोन ग्लेझ यांनीच, असं तुम्ही सांगता. मोठ्या घाटाचं काम मन कितीही ओढत असलं तरी पट्ट्या जुळल्यावर.

आणि एक, जे तुम्ही सांगत नाही पण करता. नव्या माणसाला भट्टी भरायला बोलावता, शेल्फ धुवायला लावता, किल्न वॉश (ग्लेझ चिकटू नये म्हणून शेल्फला लावलेला लेप) घासायला देता. दोन तास हाताला काम आणि शेजारी बोलणारी माणसं. ओळख, गिऱ्हाईक, माती कुठे मिळते, प्रदर्शन कोण भरवतं, हे सगळं तिथेच कळतं.

ताई, तुम्ही पैसे घेणार नाही हे ठाऊक आहे. म्हणून आम्ही सगळ्यांनी आपापल्या पट्ट्या एका फळीवर लावायला घेतल्या आहेत. प्रत्येकीमागे माती, आटण्याचे टक्के, शोषण, ग्लेझची पूर्ण कृती, कोन आणि चढण्याचा वेग कोरलेला आहे, बिघडलेल्या पट्ट्यासुद्धा आहेत, कारण कशामुळे बिघडलं ते त्यांच्यावरच दिसतं. फळी तुमच्या भट्टीशेजारच्या भिंतीवर बसेल एवढी आहे. पुढच्या भाजणीसाठी शेल्फही आम्हीच धुऊन आणि किल्न वॉश लावून आणतो, आणि त्यातला अर्धा नव्याने येणाऱ्यासाठी मोकळा ठेवतो.

तुमचे,
गाव बदलून पुन्हा चाकावर बसलेले आम्ही सगळे