काय गाळलं यापेक्षा कोण सांगतंय ते बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कादंबऱ्यांवरून निघालेल्या चित्रपटांबद्दल आपल्या पत्रांच्या सदरात चांगलीच जुंपली आहे. एकांचं म्हणणं, पुस्तकाची सर नाही. दुसरे विचारतात, तीनशे पानं दोन-अडीच तासांत कोंबायची कशी? भांडण दोघांचं, पण हिशेब एकच : कुठला प्रसंग घेतला, कुठला गाळला.

या हिशेबाने ‘सिंहासन’ (१९७९) पार नापास व्हायला हवा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या मिळून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा केली, म्हणजे कात्री किती चालली असेल! तरीही तो साधूंचाच वाटतो, कारण दिगू टिपणीस जागेवर आहे. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी या सगळ्यांत वावरणारा, सगळं ठाऊक असलेला आणि काहीच करू न शकणारा पत्रकार. दिगू झालेले निळू फुले शेवटी रस्त्यावर वेड्यासारखे हसत सुटतात, तेव्हा गाळलेली पानं कुणाला आठवतात?

‘शाळा’चं दुखणं वेगळं आहे. मिलिंद बोकिलांची कादंबरी शाळकरी मुकुंद जोशी स्वतः सांगतो. वर्गातल्या, त्याला आवडणाऱ्या शिरोडकरने आपल्याकडे बघितलं का, बघितलं तर सहज की मुद्दाम, याचा तो मनातल्या मनात कीस पाडत राहतो आणि आपणही त्याच्याबरोबर झुरतो. पडद्यावर कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर गेला की ती बघते आहे हे आपल्याला दिसतंच. शंका फिटली! आणि त्या पुस्तकाची निम्मी गंमत तर शंकेतच आहे. सुजय डहाके यांच्या चित्रपटात आणीबाणीचे दिवस, पोरांची टवाळकी, मास्तरांचा धाक झकास उतरलाय. मला तो आवडला. पण तो शाळेचा चित्रपट झाला, मुकुंदचा राहिला नाही.

(‘आमच्या मनातली शिरोडकर अशी नव्हती’ या तक्रारीला मात्र इलाज नाही. केतकी माटेगावकरऐवजी दुसरी कुणीही घेतली असती, तरी ती झालीच असती.)

हे माझं मत. ‘शाळा’च्या पटकथेला ५९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत रूपांतरित पटकथेचा पुरस्कार मिळाला, तेव्हा जाणकारांना माझं हे म्हणणं पटलेलं नसणार, हेही उघड आहे. पण त्या पटकथेचे लेखक अविनाश देशपांडे यांचं नाव या वादात कुणी घेतल्याचं मला दिसलं नाही. शिव्या दिग्दर्शकाला, हळहळ कादंबरीकारासाठी, आणि कुणाच्या नजरेतून गोष्ट सांगायची हे कागदावर ठरवणारा माणूस नामानिराळा! आपल्या परीक्षणांतही त्याच्या वाट्याला जेमतेम अर्धी ओळ येते. पुढच्या वेळी कादंबरीवरचा चित्रपट आला, की त्याचीही एक मुलाखत छापा. भांडायला निदान नेमका मुद्दा तरी मिळेल.

आपला,
एक नियमित वाचक