खिडकी चालू ठेवायचं कंत्राट कुणाकडेच नाही

महोदय,

दाखल्यांसाठी विद्यार्थी तहसील कार्यालयात दोन दिवस ताटकळले, खिडकीवर ‘सर्व्हर डाउन’चा कागद चिकटवलेला, अशी बातमी आपल्या अंकात वाचली. प्रवेशाच्या हंगामात ती दरवर्षी येते. मी सरकारी कार्यालयांतले संगणक, प्रिंटर आणि लॅन (कार्यालयातलं संगणकांचं जाळं) सांभाळण्याचं काम करते. आधी एका मोठ्या कंत्राटदाराची रेसिडेंट इंजिनिअर म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी बसायचे, आता तशाच कंत्राटदारांची तालुक्यातली कामं घेते. तेव्हा या विषयात माझं पोट गुंतलेलं आहे, हे आधीच सांगते.

सर्व्हर खरोखर बसला तर तो अख्ख्या राज्याचा बसतो. शेजारच्या तालुक्यात दाखले निघत असतील, तर दोष आपल्याच इमारतीत किंवा इमारतीपर्यंत आलेल्या लाइनवर असतो. एका कार्यालयात फरशी पुसताना कुणाला तरी टेबलाखाली लोंबणारी केबल दिसली. त्याने बिचाऱ्याने ती नीट उचलून स्विचच्या, म्हणजे सगळ्या मशीनच्या केबल जिथे जोडतात त्या डब्याच्या, रिकाम्या पोर्टात खोचली. तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये होतं. झालं, लूप बसला, म्हणजे तीच माहिती गोल गोल फिरत राहिली. स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले आणि मजल्यावरची सगळी मशीन नेटवरून गेली. उपाय एकच, ती केबल उपटायची. त्याला दुपारचे चार वाजले. संगणक देखभालीचा कंत्राटदार म्हणाला, आमचं काम मशीनपुरतं. लाइनवाले म्हणाले, आमच्या राउटरचा दिवा हिरवा आहे. सॉफ्टवेअरच्या हेल्पडेस्कने ‘आमच्याकडून सगळं ओके’ म्हणून कॉल बंद करून टाकला. आणि तिघंही आपापल्या कराराप्रमाणे बरोबर होते! स्विच किरकोळ खर्चातून बाजारातून आणलेला, त्यामुळे तो कुणाच्याच करारात नव्हता. लूप झाला की ते पोर्ट आपोआप बंद करणारे स्विच मिळतात, पण ते महाग पडतात, आणि खरेदीच्या यादीत नुसतं ‘स्विच, २४ पोर्ट’ एवढंच लिहिलेलं असतं.

मुळात निविदा कशी तयार होते ते वाचकांना माहीत नसेल. जडवस्तू संग्रह नोंदवही (कार्यालयाच्या सामानाची यादी) उघडायची, संगणकांची संख्या मोजायची, दुसऱ्या जिल्ह्याची जुनी निविदा मागवून घ्यायची आणि नाव बदलायचं. (एका निविदेच्या अटींत भलत्याच जिल्ह्याचं नाव राहून गेलेलं मी पाहिलं आहे. बोलीआधीच्या, म्हणजे प्री-बिड बैठकीत कुणी ते काढलंही नाही.) निर्लेखन झालेलं नाही, म्हणजे बाद म्हणून खोडलेली नाहीत, अशी सगळी यंत्रं नोंदवहीत जिवंत असतात. त्यातली कितीतरी अभिलेख कक्षात गाठोड्यांखाली पडलेली. त्यांच्याही देखभालीचे पैसे निघतात. मेलेल्या मशीनचा कॉल कधी येत नाही, हे धंद्यातला माणूस ओळखून असतो आणि तो हिशेब धरूनच दर पाडतो.

आता दराचा हिशेब. समजा ३४० यंत्रं आहेत आणि सगळ्यात कमी दर यंत्रामागे वर्षाला ६५० रुपये आला. वर्षाचे झाले २ लाख २१ हजार. अट अशी, की एक इंजिनिअर कार्यालयात कायम हजर हवा. त्याला महिन्याला १४ हजार दिले तर वर्षाचे १ लाख ६८ हजार. त्यावर मालकाने भरायचा पीएफ आकारांसह १३ टक्के आणि ईएसआय सव्वातीन टक्के, म्हणजे १ लाख ९५ हजार ३००. उरले २५ हजार ७००. एवढ्यात सगळे तालुके फिरायचे, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग) आणि हार्ड डिस्क बदलायच्या आणि नफाही काढायचा. हे बसत नाही, हे निविदा उघडणाऱ्यालाही कळतं. मग ते बसवलं जातं. पोराच्या हातात नऊ हजार पडतात. तो डिप्लोमा झालेला असतो, जरा हात बसला की पुणं गाठतो, आणि नवा येतो त्याला कुठली वायर कुठून गेली हे ठाऊक नसतं. कारण वायरिंगचा नकाशा करून ठेवा, असं करारात कुठेच म्हटलेलं नाही. सुटा भाग लागला तर रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासून पुन्हा बसवायच्या, दोन बंद मशीनमधून एक चालू करायचं. मीही हेच करत आले.

यूपीएसची बॅटरी, प्रिंटरमधले झिजणारे टेफ्लॉन, पिकअप रोलर हे सगळं ‘कन्झ्युमेबल’ म्हणजे वापरून संपणारं म्हणून करारातून वगळलेलं असतं. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज सारखी ये-जा करते. बॅटरी मेलेली असली की दाखला अर्धा भरलेला असताना मशीन बंद पडतं. बॅटरी हजार-बाराशेची. तिच्यासाठी टिप्पणी, दरपत्रकं, मंजुरी. तोवर खिडकीवर कागद चिकटलेलाच. आणि दिवसभर येणारे निम्मे कॉल तर मशीनचे नसतातच. साहेबांच्या डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखी किल्ली) मशीनला दिसत नाही, जावा या सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली म्हणून सही उमटत नाही, प्रिंट भलत्याच प्रिंटरला जाते. या कामाला निविदेत एक ओळही नसते, ते आम्ही ओळखीवर करतो.

अलीकडे बरीच कार्यालयं देखभालीचा करार सोडून जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून सरळ ‘मनुष्यबळ’ घेतात. पगार ठरलेला, बोली फक्त माणूस पुरवणाऱ्या एजन्सीच्या सेवाशुल्काची. शून्य टक्क्याच्या बोली यायला लागल्या म्हणून केंद्राने २०२३ मध्ये किमान ३.८५ टक्क्यांची मर्यादा घातली. आता सगळे ३.८५ च टाकतात, आणि बरोबरीत आलेल्यांतून पोर्टलची यंत्रणा एकाला उचलते. माणूस मिळतो, पण त्याच्या हातात ना सुटे भाग, ना स्टँडबाय मशीन, ना त्याच्या पाठीशी कुणी जाणकार. नेटवर्क बंद पडलं तरी त्याची हजेरी पूर्ण आणि एजन्सीचं बिल मंजूर.

अधिकाऱ्यांची अडचणही मला दिसते. एका अव्वल कारकुनाला मी म्हटलं, दर एवढा पडलाय, विचारा तरी त्याला, कसं करणार. ते म्हणाले, “मॅडम, स्वस्ताचं घेतलं तर मशीन बंद पडतं. महागाचं घेतलं तर लेखापरीक्षणात मी बंद पडतो.” पण नियमांत वाट आहे. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सल्लासेवांच्या बाहेरच्या सेवांनाही गुणवत्ता आणि दर मिळून निवड करायची मुभा दिली, गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन देऊन. जिल्हा पातळीवर ती वापरलेली मी तरी पाहिली नाही. आणि तेवढंही नको असेल तर मोजायचं माप बदला. यंत्रं किती आणि डोकी किती यावर पैसे देण्याऐवजी कामाच्या वेळेत किती खिडक्या किती तास चालल्या यावर द्या. बॅटरीपासून स्विचपर्यंत खिडकीमागचं सगळं एकाच करारात घाला. बाहेरची लाइन गेली तर लाइनवाल्याच्या मागे लागण्याचं कामही त्याच कंत्राटदाराच्या गळ्यात बांधा. दर वाढेल, मी नाही म्हणत नाही. मेलेली यंत्रं यादीतून काढली तर त्यातला बराच भरूनही निघेल.

घाई आहे ती वेगळ्या कारणाने. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमच्या तालुक्यांतल्या कार्यालयांत सहाव्या-सातव्या पिढीची मशीन सर्रास आहेत, आणि सातबारा-दाखल्यांचं काम त्यांच्यावरच चालतं. सायबर हल्ला झाला तर सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचं, असा २०२२ चा आदेश आहे. तो फोन कुणी करायचा? नऊ हजारांवरच्या त्या पोराने? सध्या माझ्या टेबलावर पुढच्या वर्षाची निविदा पडली आहे. तीत हीच यंत्रं याच संख्येने आहेत, आणि ‘ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी कंत्राटदाराची राहील’ अशी अट आहे.

— एक संगणक दुरुस्तीवाली, मराठवाडा

(कृपया नाव छापू नये. मार्चचं बिल अजून निघायचं आहे.)