बाळाच्या कपड्यांसाठी घरगुती साबण करताना

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तान्ह्या बाळाची झबली, दुपटी आणि लंगोट धुण्यासाठी घरच्या घरी साबण करण्याकडे पुण्यातल्या तरुण आईवडिलांचा ओढा अलीकडे वाढलेला दिसतो. उग्र वासाच्या आणि कपड्यांवर चकाकी आणणारी द्रव्ये घातलेल्या पावडरींपासून बाळाला दूर ठेवावे, ही त्यामागची इच्छा रास्तच आहे. मात्र त्यासाठी ज्या कृती एकमेकींना सांगितल्या जातात, त्या ऐकल्यावर रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला काळजी वाटते, कारण घरी केलेली वस्तू सौम्यच असणार असे त्यांत धरून चाललेले असते आणि ते खरे नाही.

सर्वांत जास्त सांगितली जाणारी कृती किसलेला साबण, धुण्याचा सोडा आणि बोरॅक्स यांच्या मिश्रणाची आहे. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार. तो काष्ठौषधींच्या दुकानात सहज मिळतो आणि नाव जुने, ओळखीचे असल्यामुळे निरुपद्रवी वाटतो. परंतु बोरॅक्स आणि बोरिक आम्ल ही दोन्ही द्रव्ये प्रजननक्षमतेला व गर्भाला घातक ठरू शकतात, म्हणून युरोपीय संघाने २०१० साली त्यांचा समावेश अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत केला. कॅरमच्या पटावर टाकतात ती बोरिक पावडर एकेकाळी बाळाच्या पुरळावरही लावली जात असे, आणि सोललेल्या, ओलसर त्वचेतून ती शरीरात शोषली जाऊन बाळे दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. कपडा नीट खळबळला तर त्यात बोरॅक्स फारसा उरत नाही, हे मान्य करूनही ज्याच्यावाचून काही अडत नाही असा पदार्थ रांगत्या मुलाच्या घरात डब्यात भरून ठेवावा कशासाठी, हा माझा प्रश्न आहे.

धुण्याच्या सोड्याविषयी थोडे अधिक समजून घ्यायला हवे. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा यांत अनेकांची गल्लत होते. द्रावण किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा म्हणजे सामू (पीएच); तो ७ च्या जितका वर, तितके द्रावण अधिक अल्कधर्मी. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू साधारण ८.३ असतो, तर धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास जातो. आपल्या त्वचेचा सामू साधारण ५.५ असतो आणि जन्मानंतरचे काही आठवडे बाळाच्या त्वचेवरचे हे आम्लधर्मी आवरण पुरते तयारही झालेले नसते. त्यामुळे कपड्यात राहिलेला सोडा मोठ्या माणसाला जाणवला नाही, तरी बाळाच्या मांड्यांच्या घडीत तो झोंबू शकतो.

आता पाण्याकडे वळू, कारण पुण्यापुरता खरा मुद्दा तोच आहे. खडकवासल्याचे पाणी मऊ असल्यामुळे पेठांमध्ये किसलेल्या साबणाने धुतलेले लंगोट मऊ राहतात. वाघोली, उंड्री किंवा बावधनच्या ज्या सोसायट्यांमध्ये बोअरचे किंवा टँकरचे पाणी येते, तिथे त्याच साबणातील मेदाम्ले पाण्यातल्या कॅल्शियम व मॅग्नेशियमशी संयोग पावतात आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तो धाग्यांत बसला की लंगोट कडक होतो, ओल शोषत नाही आणि बाळाचे अंग ओले राहून लाल होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा, म्हणजे या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. सोसायटीने पाणी तपासून घेतले असेल, तर तो अहवाल साबणाची कृती ठरवण्यापूर्वी अवश्य पाहावा. पाणी कठीण असेल तर घरगुती साबणाचा हट्ट सोडून बिनवासाचे साधे द्रव डिटर्जंट अगदी थोडे वापरणे बाळाच्या हिताचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरीच करायचे असेल तर रिठा घ्यावा. त्यातील सॅपोनिन हे द्रव्य फेस देते, मळ सोडवते आणि कठीण पाण्यातही त्याचा साका होत नाही. पैठणी आणि लोकरीचे कपडे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रिठ्यातच धुतले गेले आहेत. दहा-बारा रिठ्यांच्या बिया काढून साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी पंधरा-वीस मिनिटे उकळून, निवल्यावर कुस्कराव्यात आणि पाणी दुहेरी सुती कापडातून गाळून घ्यावे. हे पाणी दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढेच करावे. ते डोळ्यांत गेले तर भयंकर आग होते, त्यामुळे मुलांच्या हाती लागेल अशा जागी किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही ठेवू नये. शीचे डाग मात्र निव्वळ रिठ्याने निघत नाहीत. असे कपडे आधी गार पाण्यात धुऊन मग कोमट रिठ्याच्या पाण्यात भिजवावेत.

सुगंधासाठी तेलाचे थेंब, शेवटच्या पाण्यात जंतुनाशक, सोड्याबरोबर व्हिनेगर, यांपैकी कशाचीही गरज नाही. सोडा आणि व्हिनेगर तर एकमेकांचा परिणाम घालवतात. कपड्यांच्या घडीत डांबराच्या गोळ्या ठेवणे मात्र खरोखर धोक्याचे आहे. नॅफ्थॅलिनच्या वाफेमुळे काही नवजात बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होते, विशेषतः ज्यांच्या शरीरात जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशींचे रक्षण करणारे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असते त्यांच्यात. गेल्या बाळंतपणाची झबली पेटीतून काढताना हे लक्षात ठेवले पाहिजे.

शेवटी, साबण कोणताही असो, तो कपड्यातून पूर्ण निघून जायला हवा. ओला कपडा बोटांत चोळून बुळबुळीत लागला किंवा पिळताना फेस आला, तर आणखी एकदा स्वच्छ पाण्यातून काढावा. एवढे करूनही पुरळ दोन-तीन दिवसांत ओसरले नाही, तर साबण बदलत न बसता बालरोगतज्ज्ञांकडे जावे, कारण बुरशीच्या संसर्गाला औषधच लागते.

आपल्या वृत्तपत्रामार्फत माझ्या दोन विनंत्या आहेत. प्रदर्शनांतून बाळांसाठी म्हणून घरगुती पावडरी विकणाऱ्या भगिनींनी पिशवीवर सर्व घटकांची नावे मराठीत छापावीत. आणि प्रसूतिगृहांनी बाळबाळंतिणीला घरी पाठवताना लसीकरणाच्या कार्डाबरोबर कपडे धुण्याच्या सूचनांचा एक कागदही द्यावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
कोथरूड, पुणे